खाली लिहिलेलं

"खाली लिही. तिथं लिहिलेलं फक्त तुला दिसतं. समोर बसलेल्या माणसाला त्यातलं एक अक्षरही दिसत नाही."

हा आवाज माझाच. एकोणीस वर्षं झाली. पहाटे जपाला, सामायिकाला बसले की णमोकार मंत्र ओठांवर यायच्या आधी हा आवाज कानात येतो.

"ख... खरंच नाही दिसत, बाई?"

"तुला मी खोटं सांगेन का?"

वैजू हसली. हसताना ती अडखळत नसे. म्हणून असेल, ती पुष्कळ हसायची.

सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकाशन विभागात आम्ही दोघी काम करत होतो. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. प्रश्नपत्रिका, प्रमाणपत्रं, वार्षिक अंक, संस्थापकदिनाचे फलक, सगळं तिथून निघायचं. टाइपरायटरपासून सुरुवात करून मी पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅमपर्यंत आले होते. समास, ओळींमधलं अंतर, मथळ्याचं वजन यांत माझा हात कुणी धरला नसता. बारा वर्षं मी हंगामी होते. दर जूनला नवं पत्र, दर एप्रिलला सेवा समाप्त.

वैजयंता कोष्टी माधवनगरची. तेवीस वर्षांची, रोजंदारीवर आलेली. पुण्याच्या मावसबहिणीकडे राहून चित्रांचं काम शिकली होती. फोटोतल्या माणसामागची भिंत काढून तिथं आभाळ लावायची, ते कुणाला कळायचंही नाही. स्लाइडा अशा करायची की आकड्यांचा तक्ता डोळ्यांदेखत झाडासारखा वाढत जायचा. ज्या कामाला मला आठवडा लागे, ते ती दुपारच्या चहाआधी संपवून ठेवी. वर विचारी, "ब... बाई, यात काय चुकलंय?"

मी चुका सांगत असे. चुका असायच्याही. अक्षरांचा तिला अंदाज नव्हता. मी तिला शिकवलं. वायर आठाच्या आकारात गुंडाळायची म्हणजे आत तुटत नाही, इथपासून शिकवलं.

आणि टिपा लिहायला शिकवलं. स्लाइड वर असते, तिच्याखाली पांढरा चौकोन असतो. बोलायचं ते त्यात लिहून ठेवायचं. प्रोजेक्टर जोडला की पडदे दोन होतात, एक आपल्यासमोर लॅपटॉपचा, एक लोकांसमोर भिंतीवरचा. लोकांना नुसती स्लाइड दिसते, आपल्याला स्लाइडखालच्या टिपाही. कुठल्या पडद्यावर काय जावं ते एका छोट्या चौकोनात ठरवायचं असतं. एक किंवा दोन. बस.

"भाषणच लिहायला पाहिजे असं नाही," मी तिला म्हटलं होतं. "तुला जे आधाराला लागेल ते लिही. श्वास घे, थांब, इकडं बघ, तिकडं बघ. मनातलं लिही."

त्या वर्षी विभागात एक जागा कायम होणार होती. एकच. सचिव इनामदारसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "संस्थेच्या वर्षभराच्या कामाचं सादरीकरण दोघींनी करायचं. विश्वस्तांसमोर. ज्यांचं चांगलं, त्यांना ऑर्डर."

बाहेर आल्यावर वैजूनं माझा हात धरला.

"बाई, म... मी नाव मागं घेते. मला नाही ब... बोलता येणार. जागा त... तुमचीच आहे."

"वेडी आहेस का? बोलायचं. मी करून घेते तुझ्याकडून."

तेव्हा मी मनापासून म्हटलं होतं. हे कुणी मानो न मानो.

पंधरा दिवस मी तिच्याकडून रोज म्हणून घेतलं. टिपा समोर असल्या की ती खरंच कमी अडखळायची. एका दुपारी अकराच्या अकरा स्लाइडा तिनं न थांबता म्हटल्या आणि तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"आईला स... सांगितलं तर खरं वाटायचं नाही," ती म्हणाली. तिची आई मागाच्या कांड्या भरायची, घरातच. "ती म्हणते, चार माणसांत उभी राहून तू बोललीस असं दहा जणांनी सांगितलं तरी म... मी मानणार नाही. चौगुलेबाईंनी सांगितलं तर मानीन. त्या ख... खोटं बोलत नाहीत."

"मग मी येऊन सांगेन."

"घरी याल?"

"येईन. ज्या दिवशी बोलशील त्याच दिवशी येईन. दिवस मावळायच्या आत मात्र. नंतर मी काही घेत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, बाई." आणि मग, एकदाही न अडखळता, "वचन?"

"वचन."

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी दुपारी अध्यक्ष भाऊसाहेब आमच्या खोलीत डोकावले. भरघोस मिशा, दारातच उभे राहून बोलायची सवय. वैजूच्या पडद्यावर तो झाडासारखा वाढणारा तक्ता चालू होता.

"हे कुणी केलं?"

"व... वै..."

"हिनं केलं," मी म्हणाले.

"वा!" भाऊसाहेब माझ्या पडद्याकडे वळले. "आणि हे तुमचं? चौगुलेबाई, रागावू नका, पण तुमचं काम म्हणजे लग्नपत्रिका हो! चार कोपऱ्यांत चार वेली आणि मध्ये आमची नावं. जरा या पोरीकडून शिका की."

ते हसत निघून गेले. वैजू हसली नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "त... त्यांना काही कळत नाही, बाई."

तिनं माझी समजूत घालावी, याचं मला जास्त लागलं.

दुसरा दिवस आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वातला तिसरा. पर्वाचे दहा दिवस मी एकदाच जेवते, आणि ते जेवण होईपर्यंत मौन असतं. आर्यिका माताजींनी दिलेला नेम. संस्थेत सगळ्यांना माहीत होता. म्हणूनच इनामदारसाहेबांनी वैजूचं सादरीकरण अकराला ठेवलं आणि माझं अडीचला. सकाळी यंत्राजवळ मात्र मीच बसायचं होतं, कारण जोडणी मला येत होती. मौनात काही सांगायची वेळ आली तर लिहायला म्हणून छोटी वही आणि पेन्सिल मी जवळ ठेवत असे.

पर्वाच्या प्रत्येक दिवसाला एक धर्म असतो. तिसरा आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा.

सभागृहात जोडणी केली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर स्लाइड, लॅपटॉपवर टिपा. वैजूनं टिपांची अक्षरं मोठी करून घेतली होती, लांबून वाचता यावीत म्हणून. एकदा पुढं मागं करून पाहिलं.

"बाई, मी प... पाणी पिऊन येते. त... तुम्ही बसा हं इथं."

मी मान हलवली.

ती परत आली तोवर विश्वस्त येऊन बसले होते. सात जण, पुढच्या रांगेत. मध्ये भाऊसाहेब, कडेला इनामदारसाहेब. वैजू लॅपटॉपमागं उभी राहिली, भिंतीकडे पाठ करून.

"न... नमस्कार."

तिनं खाली बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. लॅपटॉपवर नुसती स्लाइड होती. संस्थेची इमारत आणि वर आभाळ. टिपा नव्हत्या.

टिपा तिच्या मागं होत्या. दहा फुटी भिंतीवर, मोठ्या अक्षरांत.

नमस्कार म्हण. तीनपर्यंत मोज. घाई नाही. आई म्हणते ना, धागा तुटला तर गाठ मारायची, रडत बसायचं नाही.

पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. वैजूनं माझ्याकडे पाहिलं. "बाई," ती हळूच म्हणाली, "ख... खालचं दिसत नाही."

मी डोळे मिटले. जप चालू असल्यासारखे.

ती धीराची होती. पंधरा दिवसांचं पाठांतर होतं. ती पुढं गेली. "आपली संस्था... यंदा... पन्नास वर्षं..." आणि दुसरी स्लाइड आली.

भाऊसाहेबांच्या डोळ्यांकडे बघू नको. मिशीकडे बघ. मिशी ओरडत नाही.

आधी एक जण हसला, मग सगळे. भाऊसाहेब स्वतः मिशीवर हात फिरवत हसले. मी डोळे उघडले. वैजूही हसत होती. तिला वाटलं, तिचं काम आवडलं. तिचा चेहरा मी तितका उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्या भरात तिनं तिसरी स्लाइड लावली.

क आला की अडतं. कॉलेज म्हणू नको, महाविद्यालय म्हण. कार्यक्रम नको, समारंभ म्हण.

"अरे!" भाऊसाहेब म्हणाले. "असं आहे होय? पोरी, महाविद्यालय राहू दे. कॉलेज म्हण बघू."

वैजू गोंधळली. हा शब्द त्यांनी नेमका कुठून काढला, तिला कळेना.

"म्हण की! एवढी शिकलेली तू. कॉलेज!"

"क..."

"हां, चाललंय."

"क... क... क..."

शेवटच्या खुर्चीतल्या विश्वस्तांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पाच. सहा. सात."

"म्हणेल, म्हणेल. थांबा हो," दुसरे म्हणाले. "रेकॉर्ड व्हायचंय."

"क... क..."

"अकरा. बारा!"

तिची मान एका बाजूला ओढली जायला लागली होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तिनं शब्द सोडला नाही. सोडून दिला असता तर चाललं असतं, पण मीच तिला शिकवलं होतं, धरलेला शब्द पूर्ण करायचा. पुन्हा प्रयत्न करताना बोट लागून चौथी स्लाइड आली आणि कुणीतरी मोठ्यांदा वाचलं, "इनामदारसाहेब वाईट नाहीत. घरी कुणी विचारत नसेल म्हणून ओरडतात."

या वेळी हसू फुटलं ते आवरेना. इनामदारसाहेब ताडकन उठले. "बंद करा तो तमाशा! आणि तू, मागं बघ! मागं बघ जरा!"

वैजूनं मागं बघितलं.

तिनं वाचलं. तिचंच होतं, तरी शेवटपर्यंत वाचलं. मग वळली आणि माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नव्हे. माझ्या मांडीवर वही होती आणि वहीवर पेन्सिल. ती त्या पेन्सिलीकडे बघत होती.

मग तिनं लॅपटॉप मिटला. वायर काढली. रांगेतले लोक अजून डोळे पुसत होते. तिनं ती वायर सावकाश, आठाच्या आकारात गुंडाळली, टेबलावर ठेवली आणि बाजूच्या दारानं निघून गेली.

मी बारा वाजता जेवले. जेवण गोड लागलं. हेही सांगायला हवं.

अडीचला माझं सादरीकरण झालं. वीस मिनिटं, एकही चूक नाही. भाऊसाहेब म्हणाले, "साधं आहे, पण स्वच्छ आहे. शिवाय बाई नेमाच्या आहेत. संस्थेला अशीच माणसं पाहिजेत." बाहेर व्हरांड्यात इनामदारसाहेब हळहळले. "तुमचं मौन आड आलं बघा आज. नाहीतर तुम्ही सावध केलं असतं बिचारीला."

"नेम असतो, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले.

त्या दिवशी मी माधवनगरला गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजू खोलीची किल्ली द्यायला आली. माझं जेवण झालं होतं, मी बोलू शकत होते. ती दाराशीच उभी राहिली.

"बाई, ज... जोडताना माझंच काही च... चुकलं का?"

एवढंच तिला हवं होतं. रात्रभर ती तेच शोधत राहिली असणार. कुठली खूण, कुठला चौकोन.

"होतं असं," मी म्हणाले. "नवीन माणसाचा हात चुकतो."

तिनं मान डोलावली. जणू हिशेब लागला.

तिचा हात चुकला नव्हता. ती पाणी प्यायला गेली तेव्हा तो छोटा चौकोन मी उघडला होता. तिथं दोन होतं, ते एक केलं. इतकंच. चौकोन मिटला आणि हात पदरात घेतला. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून वाकून चालणारी बाई मी, आणि त्या वेळी माझी छातीसुद्धा धडधडली नाही.

"आई काल व... वाट बघत होती तुमची," वैजू म्हणाली. "मी तिला क... काही सांगितलं नाही. म्हटलं, बाईंना काम निघालं."

"येईन गं सवडीनं."

"हो," ती म्हणाली. तिनं किल्ली टेबलावर ठेवली. तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

मी कायम झाले. पुढं विभागाची प्रमुख झाले. नवे प्रोग्रॅम आले, तेही शिकले. तिनं केलेला तो वाढत जाणारा तक्ता दर वर्षी नवे आकडे घालून मीच वापरला. भाऊसाहेबांना आवडायचा.

रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात दिवसाचे दोष आठवायचे असतात. मनाचे, वचनाचे, कायेचे. वैजूचा दोष मी वचनात धरत आले. बोलले नाही, एवढाच. कायेच्या दोषात कधी माझं बोट आलं नाही. पर्व संपलं की क्षमावाणीला बस्तीत, आमच्या जिनमंदिरात, आम्ही सगळ्यांपुढं हात जोडून क्षमा मागतो. दूधवाल्याची मागितली, शेजारणीची मागितली, कामवालीची मागितली. एकोणीस वेळा.

मधे एकदा संस्थेतले एक लेखनिक माधवनगरहून आले होते, तिथं कसलासा फॉर्म भरून घेऊन. "चांगलं काम करते हो ती झेरॉक्सच्या दुकानातली बाई," ते म्हणाले. "पण मुकी आहे. किती प्रती हव्यात, तेसुद्धा पाटीवर लिहून विचारते. कोष्टी नाव. तुमच्याकडे होती का कधी?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. जुनं सगळं उतरवून देताना तिची फाइल सापडली. एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ती आपोआप आली होती. मी उघडली. चौथ्या स्लाइडच्या पुढच्या टिपा कुणी कधी वाचल्याच नव्हत्या. मीही नाही. टिपा तिनं घरी लिहिल्या होत्या, मला न दाखवता. खाली लिहिलेलं फक्त तिला दिसणार होतं ना.

पाचवी, सहावी, सातवी. श्वास घे. पाणी पी. अकरावी स्लाइड नुसती रिकामी होती, आभाळाची. तिच्याखाली होतं,

संपलं. आता बाईंकडे बघ. रडू नको, बाईंना आवडत नाही. घरी जाताना केळी घे, बाई कांदा-बटाटा खात नाहीत. आईला सांगायचं, पाणी दोनदा गाळून ठेव, नवीन फडक्यानं. बाई पाचच्या आत येणार आहेत.

यंत्र बंद केलं आणि सही करून घरी आले.

आज क्षमावाणी. सकाळी बस्तीत गेले, पण कुणापुढं हात जोडले नाहीत. जोडवले नाहीत. बायका म्हणाल्या, "चौगुलेबाई, बरं नाही का?" दुपारी जेवले. पावणेचारला पातळ बदललं. दिवस मावळायला अजून अडीच तास होते. माधवनगरला बसनं अर्धा तास लागतो. तिची आई असेल की नाही, ठाऊक नाही. वैजू दार उघडेल की नाही, तेही नाही. उघडलं तर तिच्या आईला एवढंच सांगायचं आहे, की तुमची मुलगी अकराच्या अकरा स्लाइडा न थांबता बोलली होती, मी ऐकलंय. आणि मग, पुढचं.

चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायलेली नाही. कुठंही गेले तरी गाळलेल्या पाण्याची माझी बाटली बरोबर असते. आजही सवयीनं ती भरून पिशवीत टाकली होती. दाराला कडी घालताना हाताला लागली.

परत आत गेले. बाटली ओट्यावर ठेवली, दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले.